प्रागमध्ये चौघांचा वीकएंड, माणशी १५० युरो: जमेल का?

लायप्झिगला मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा हा प्रश्न. मे महिन्यात चौघं मित्रमैत्रिणी प्रागला जायचं म्हणतायत. शुक्रवारी दुपारचं लेक्चर संपलं की निघायचं, रविवारी रात्री परत. माणशी १५० युरोंच्या वर जायचं नाही. चौघांतली एक मुलगी अंडंसुद्धा खात नाही, एकाला रात्रीचं प्राग बघायचंय, एकाने ‘बघायलाच हवं’ अशा सव्वीस ठिकाणांची यादी केलीये, आणि विचारणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं एवढंच, की महिनाअखेरीला खोलीभाड्याचे पैसे खात्यात शिल्लक राहावेत. सगळ्यात शेवटी त्याने विचारलंय, “आणि बूट कुठले घालू?”

बुटांचं शेवटी सांगते.

मी २०१४ साली ड्रेस्डेनला शिकायला आले आणि नोकरी लागल्यावर इथेच राहिले. इथून प्राग म्हणजे बसने दोनेक तास. पुण्याहून महाबळेश्वरला याहून जास्त वेळ लागतो. दर सेमिस्टरला नवी मराठी मुलं येतात, थंडी ओसरली की त्यांना प्राग आठवतं, आणि मग कुणीतरी माझं दार वाजवतं. वीसेक वेळा मी बरोबर गेले असेन. बाकीच्यांना घरी बसवून हिशेब करून दिलाय.

१५० युरोत प्राग होतं का, हा प्रश्न तसा सोपा आहे. होतं, जरा ओढूनताणून. अवघड आहे ते चार खिसे एकत्र नेणं. तुमच्यातल्या एखाद्याला स्कॉलरशिप असेल, एखाद्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यावर जगणाऱ्याला १५० म्हणजे महिन्याचा जवळजवळ सातवा हिस्सा. त्याला ट्रिपमध्ये “अरे चल ना, परत कधी येणार?” हे वाक्य दिवसातून चारदा ऐकवलं की तो तीनदा मान डोलावतो आणि चौथ्यांदा रुसतो. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी चौघांनी आपापली कमाल मर्यादा तोंडाने सांगून टाका. चारचौघांत नको वाटत असेल तर एकालाच सांगा. सगळ्यात कमी आकडा ज्याचा, त्यावर ट्रिप बेतायची.

दुसरं म्हणजे पैसे नेमके कुठे जातात. मुलं तिकिटांची घासाघीस करत बसतात, पण गळती तिथे नसते. गळती होते दमल्यावर, भूक लागल्यावर, आणि काही ठरलेलं नसताना. रात्री साडेनऊला पोहोचलात, पोटात कावळे ओरडतायत, हॉस्टेल कुठल्या दिशेला ते कुणालाच माहीत नाही: तिथे अर्ध्या तासात माणशी २५ युरो उडतात आणि आनंदही मिळत नाही. दोन दिवसांत असे तीन-चारच क्षण येतात. ते आधी घरी बसून ठरवून ठेवा, बाकीचं सगळं खुशाल मोकळं सोडा. पुढचं सगळं मी त्याच हिशेबाने सांगणार आहे.

आधी कागद, कारण ते नसतील तर बाकीचं वाचून उपयोग नाही. चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे जर्मन रेसिडेन्स परमिट किंवा अजून चालू असलेला नॅशनल डी व्हिसा, आणि पासपोर्ट, एवढ्यावर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. दोन्ही मूळ हवेत, मोबाइलमधला फोटो चालत नाही. “शेंगेनमध्ये कोण तपासतंय?” असं सीनियर सांगतील. ते जुने दिवस झाले. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीने चेक सीमेवर तपासणी सुरू केली आणि रविवारी रात्री परतीच्या बसमध्ये पोलिस चढताना मी कितीदा तरी पाहिलेत. परमिटचं नूतनीकरण अडकलं असेल आणि हातात फक्त फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, म्हणजे निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला, असेल, तर त्यावर कुठल्या कलमाला खूण केलीय ते बघा. कलम ८१, परिच्छेद ४ असेल तर पासपोर्ट आणि जुन्या कार्डासोबत जाता येतं. परिच्छेद ३ असेल तर जर्मनीबाहेर पाऊल टाकू नका. आणि चौघांत ऐनवेळी इंग्लंडात शिकणारा कुणी चुलतभाऊ सामील होणार असेल, तर त्याला शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. सरकारी विमा असलेल्यांनी आरोग्य विम्याचं कार्ड सोबत घ्यावं. त्याची मागची बाजू म्हणजेच युरोपभर चालणारं कार्ड असते.

आता तारीख. मे महिना सुंदर, पण मे महिन्यातले सगळे शनिवार-रविवार सारखे नसतात. हिमेलफार्टचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा, गुरुवार असलेल्या आठवड्यात अर्धी जर्मनी शुक्रवारची सुट्टी जोडून बाहेर पडते आणि प्रागमधल्या खाटांचे भाव तुम्ही बघता बघता चढतात. तो आठवडा टाळा. ८ मे हा चेक लोकांचा मुक्तिदिन, त्या दिवशी मोठी दुकानं कायद्याने बंद असतात. एरवी मात्र रविवारी तिथली सुपरमार्केट उघडी असतात, आणि जर्मनीतल्या रविवारच्या शुकशुकाटातून आलेल्या माणसाला हे बघून भरून येतं.

प्रवासाचे तुमच्यासमोर तीन मार्ग. लायप्झिगहून थेट बस, साधारण साडेतीन-चार तास, तीन आठवडे आधी काढली तर एका बाजूचे १८-२२ युरो. दुसरा मार्ग मला जास्त पटतो: सेमिस्टर तिकिटावर प्रादेशिक गाडीने ड्रेस्डेनपर्यंत फुकट या आणि तिथून बस किंवा रेल्वे धरा. यात एकच ग्यानबाची मेख आहे. प्रादेशिक गाडी उशिरा आली आणि बस निघून गेली तर पैसे परत मिळत नाहीत, कारण दोन्ही तिकिटं वेगवेगळी. मध्ये तासाभराची सवड ठेवा. रेल्वेचं तिकीट जर्मन आणि चेक अशा दोन्ही रेल्वेंच्या साइटवर बघा, त्याच गाडीचं चेक बाजूला कधीकधी बरंच स्वस्त असतं. गाडीने गेलात तर जाताना डाव्या खिडकीला बसा. ड्रेस्डेन सोडल्यावर एल्बे नदी त्या बाजूने साथ देते आणि पलीकडे वालुकाश्माचे कडे उभे राहतात. फुकटातलं सगळ्यात सुंदर दृश्य ते, आणि मुलं नेमकी तेव्हा मोबाइलमध्ये रील बघत असतात.

तिसरा मार्ग म्हणजे सेमिस्टर तिकिटावर बाड शांडाऊपर्यंत लोकलने जायचं आणि पुढे छोट्या गाड्या बदलत प्राग गाठायचं. मी एकदा केलंय. बारा युरो वाचले, शुक्रवारची अख्खी संध्याकाळ गेली, आणि डेचिनच्या फलाटावर आमच्यातले दोघं अकरा युरोंच्या जुन्या हिशेबावरून भांडले. नका करू.

मुक्कामाचं गणित असं करा. चार जण असाल तर डॉर्ममधल्या चार खाटा आणि हॉस्टेलचीच चार खाटांची स्वतंत्र खोली, दोन्हींचे भाव समोरासमोर ठेवून बघा. बऱ्याचदा फरक माणशी दोन-तीन युरोंचा निघतो आणि खोली घेणं शहाणपणाचं ठरतं. मे महिन्यात माणशी रात्रीला २२ ते ३० युरो धरा. वर शहराचा कर माणशी रात्रीला ५० कोरुना, म्हणजे दोन युरो. तो बहुतेक ठिकाणी काउंटरवर मागतात, बुकिंगच्या आकड्यात दिसत नाही. जुन्या शहराच्या चौकात राहायचा मोह सोडा. झिझकोव्ह, विनोह्राडी, होलेशोविट्से, कार्लीन या भागांत राहा, मात्र दाराशी ट्राम हवी. आणि एक अट माझी पक्की: हॉस्टेलला स्वयंपाकघर हवंच. कारण पुढे कळेल. लॉकरला लावायला स्वतःचं कुलूप न्या.

आता ज्या विषयावर मी सगळ्यात जास्त डोकं खाते तो. पैसे बदलणं.

चेक लोकांचं चलन युरो नाही, कोरुना आहे. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना. २०१५ साली मी पहिल्यांदा गेले तेव्हा चौकाजवळच्या एका खिडकीवर ‘शून्य कमिशन’ अशी पाटी बघून १०० युरोंची नोट सरकवली. हातात २,००० कोरुना आले. तेव्हाच्या दराने २,७०० च्या आसपास यायला हवे होते. मी पाटीकडे बोट दाखवलं. काचेमागच्या बाईने शांतपणे पाटीच्या तळाशी असलेल्या बारीक ओळीकडे पेन नेलं. ठळक अक्षरांतला दर हा ते युरो विकतात तेव्हाचा होता, विकत घेतात तेव्हाचा खाली. कमिशन खरंच शून्य होतं. दरच खड्ड्यात होता. संध्याकाळच्या जेवणाऐवजी मी केळी खाल्ली होती ते अजून आठवतं.

तेव्हापासून कायदा सुधारलाय. १ एप्रिल २०१९ पासून, १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार असेल तर तीन तासांच्या आत त्याच खिडकीवर जाऊन तो रद्द करता येतो, कारण द्यावं लागत नाही. पावती मात्र हवी. तरी माझं म्हणणं, खिडकीच्या वाटेलाच जाऊ नका. ट्राम, दुकान, हॉस्टेल, सगळीकडे कार्ड चालतं. फक्त कार्ड घेताना बघा: काही जर्मन बँकांचं साधं गिरोकार्ड देशाबाहेर चालतच नाही, त्यावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्ह हवं. आणि बँक परकीय चलनावर टक्का-दोन टक्के कापते का तेही बघा. कापत असेल तर रिव्होल्यूट किंवा वाइजचं कार्ड आठवडाभर आधी मागवून ठेवा.

पुढची पायरी सगळे विसरतात. कार्ड मशीनला लावलं की पडद्यावर प्रश्न येतो: युरोत पैसे द्यायचे की कोरुनात? युरो ओळखीचे वाटतात म्हणून बोट तिकडे जातं. तिथे मशीनवाला आपल्या मनाचा दर लावतो. दरवेळी कोरुनाच निवडायचे. एटीएममध्येही तेच, शिवाय तिथे ‘रूपांतर स्वीकारा’ असं मोठ्या हिरव्या बटणात विचारतात आणि ‘नको’ कोपऱ्यात बारीक असतं. नको म्हटलं तरी पैसे येतात, घाबरू नका. चौकातली रंगीत एटीएम सोडा, बँकेच्या शाखेतलं वापरा, आणि चौघांत मिळून एकदाच, हजार कोरुना पुरे. रोख लागते ती मुख्यतः सार्वजनिक शौचालयाला, दहा-वीस कोरुनाची नाणी. हे हास्यास्पद वाटेल, पण दोन दिवसांत चौघांचे मिळून तीन-चारशे कोरुना तिथेच जातात. कॉफी प्यायला बसलात की उठण्याआधी जाऊन या.

शहरातल्या प्रवासाला मुलं सरळ ७२ तासांचं तिकीट काढतात. तुम्ही शुक्रवारी रात्री पोहोचणार, रविवारी संध्याकाळी निघणार. ४६-४७ तासांसाठी ७२ तासांचे पैसे कशाला? शुक्रवारी रात्री ३० मिनिटांचं एकेरी, शनिवारी सकाळी पहिल्यांदा ट्राममध्ये चढताना २४ तासांचं, आणि ते रविवारी सकाळी त्याच वेळेपर्यंत चालतं. त्यानंतर पायी, लागलंच तर आणखी एक एकेरी. कागदी तिकीट घेतलं तर पिवळ्या यंत्रात छाप मारायलाच हवी. तपासनीस साध्या कपड्यात असतात, बिल्ला दाखवतात, आणि तिकीट विकत घेतलंय पण छाप नाही हे त्यांच्या लेखी विनातिकीटच.

आता खाणं. इथे तुमच्या अंडं न खाणाऱ्या मैत्रिणीसाठी मला खरंच थांबून सांगायचंय, कारण दरवेळी तिच्यासारखी कुणीतरी असते आणि दरवेळी तिला सगळे एकच गोष्ट खायला सांगतात: स्माझेनी सिर, म्हणजे तळलेलं चीज. शाकाहारी आहे असं म्हणून. त्या चीजला मैदा, मग अंडं, मग ब्रेडचा चुरा लावून तळतात. सोबतच्या टार्टार सॉसमध्येही अंडं. बटाट्याचं थालीपीठ दिसतं ना, ब्राम्बोराक, त्यातही बहुधा अंडं असतं. क्नेडलिक नावाचे उकडलेले पावाचे गोळे, त्यातही. लसणाचं सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात केलेलं. मेन्यूवर ‘बेझमासा’ असं शीर्षक असतं, त्याचा अर्थ ‘मांसाशिवाय’ एवढाच. अंड्याबद्दल तो काही सांगत नाही. तिने मोबाइलमध्ये ‘बेझ मासा, बेझ वायेत्स’, मांस नको, अंडं नको, असं चेक भाषेत लिहून ठेवावं आणि वेटरला दाखवावं. आणि व्हीगन जेवणाची दोन ठिकाणं आधीच नकाशावर खूण करून ठेवा, एक मुक्कामाजवळ, एक जुन्या शहरात. प्रागमध्ये ती भरपूर आहेत. चौघांनी एक जेवण तिथेच जेवायचं. “तू तिकडे खा, आम्ही इकडे” असं करून दोन तास वाया जातात.

आणि घरून नेणं. यात लाज कसली? शुक्रवारी निघताना थेपले किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, एक किलो तांदूळ-मूगडाळ आधीच मिसळून, फोडणीची छोटी डबी. शुक्रवारी रात्रीची भूक बसमध्येच भागली की तो पहिला गळतीचा क्षण गेला. शनिवारी रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खिचडी टाका. दमलेल्या पायांना दुसरं काही नको असतं. मागे एकदा मोहरी तडतडल्याचा वास जिन्यापर्यंत गेला आणि दोन पोलिश मुली ताटली घेऊन आल्या. बदल्यात त्यांनी रविवारच्या न्याहारीचं चीज दिलं.

सकाळी सुपरमार्केटातून रोहलिक घ्या. लांबट पाव, काही कोरुनांत येतो. दही, फळं. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटली भरून घ्या. उशीर झाला तर कोपऱ्यावरचं ‘वेचेर्का’ शोधा. ही छोटी दुकानं बहुतेक व्हिएतनामी कुटुंबं चालवतात आणि रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. मांसाहारी तिघांना एकच इशारा. चौकातल्या टपरीवर आगीवर फिरणारा हॅम दिसेल, पाटीवरचा भाव परवडणारा वाटेल. तो भाव १०० ग्रॅमचा असतो. सुरीवाला न विचारता ३०० ग्रॅमचा तुकडा कापतो, वजनकाट्यावर ठेवतो, आणि मागे रांग असल्यामुळे तुम्ही गप्प पैसे देता. ‘एकशे’ असं बोटांनी आधीच दाखवा, नाहीतर पुढे जा. ट्रडेलनिक नावाचं साखरेचं वेटोळं प्रागचं पारंपरिक म्हणून विकतात. प्रागची आजी ते करत नाही. फोटोपुरतं चौघांत एक घ्या.

सव्वीस ठिकाणांच्या यादीवाल्या मित्राला माझा नमस्कार सांगा आणि यादीतली वीस खोडायला सांगा. प्रागचं बहुतेक सौंदर्य उघड्यावर आहे आणि फुकट आहे. पैसे देऊन आत जाण्यासारखं मी एकच सुचवते, त्याचं पुढे. मेच्या मध्यात सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो. शनिवारी त्या वेळी चार्ल्स पुलावर असा. १३५७ साली पायाभरणी झालेला, ५१६ मीटर लांब, दोन्ही बाजूंना मिळून तीस पुतळे. दहा वाजता तिथे दादर स्टेशनच्या पुलासारखी गर्दी असते, सकाळी तुम्ही आणि दोन लग्नाचे फोटोग्राफर. पुढे चढून किल्ल्यावर जा. किल्ल्याचं आवार सकाळी ६ पासून उघडं असतं आणि आवारात फिरायला तिकीट लागत नाही. सेंट व्हीटस कॅथेड्रल आतून बघायचं असेल तर शनिवारीच बघा, रविवारी सकाळी प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारी १२ नंतर सोडतात. पाय नको म्हणत असतील त्याने २२ नंबरची ट्राम धरावी, ती वर नेऊन सोडते.

खगोलीय घड्याळ १४१० चं आहे, अजून चालतं, आणि दर तासाला बारा प्रेषितांच्या मूर्ती खिडकीतून डोकावतात. मिनिटभराचा खेळ. बघा, पण पाठीवरची सॅक पोटावर घ्या. सगळ्यांच्या माना वर असतात तेव्हा खिसेकापूंची नजर खाली असते. संध्याकाळी रीगरोव्ही सादी या बागेच्या उतारावर जाऊन बसा, समोर किल्ल्यामागे सूर्य बुडतो. नाहीतर लेत्ना टेकडीवर. तिथे एक भलामोठा मेट्रोनोम, म्हणजे संगीताचा ताल मोजायचा लोलक, हलताना दिसेल. त्याच जागी १९५५ ते १९६२ स्टालिनचा अवाढव्य पुतळा होता. रविवारी वेळ उरला तर विशेह्राड. स्मेटाना आणि ड्वोर्झाक हे चेक संगीतकार तिथल्या दफनभूमीत आहेत, आणि नदीचं वळण तिथून जसं दिसतं तसं किल्ल्यावरूनही दिसत नाही.

पैसे देऊन बघायचं ते ज्यू संग्रहालय. शनिवारी ते बंद असतं, ज्यूंच्या विश्रांतीचा साबाथ असतो, म्हणून रविवारी सकाळी नऊला. २६ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सवलत आहे, कार्ड दाखवा. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या जवळजवळ ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. नाव, जन्मतारीख, आणि ती व्यक्ती जिवंत असल्याची शेवटची माहीत असलेली तारीख. वरच्या मजल्यावर टेरेझीनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं. एका ट्रिपला एक अखंड बडबड्या मुलगा होता. तो एका भिंतीशी थांबला, एकाच आडनावाच्या सात जणांची शेवटची तारीख एकच आहे हे त्याने बोट न लावता मोजलं, आणि बस सुटेपर्यंत फारसा बोलला नाही. यादीतल्या पंचवीस जागा खोडल्या तरी ही ठेवा.

रात्रीच्या प्रागबद्दल. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, शुक्रवार-शनिवार तासभर जास्त. नंतर ९१ ते ९९ नंबरच्या रात्रीच्या ट्राम असतात आणि त्या सगळ्या लाझारस्का या थांब्यावरून जातात. एवढं एक नाव चौघांनी पाठ करा, म्हणजे कुणी कितीही भरकटला तरी घरी येतो. टॅक्सी चौकात हात दाखवून नाही, अ‍ॅपवरूनच. २०२४ मध्ये शहराने रात्रीचे संघटित पब क्रॉल बंद केले, त्यामुळे कुणी रस्त्यात पत्रक देऊन “दहा ठिकाणी फिरवतो” म्हणाला तर त्याला सोडा. मध्यवस्तीतल्या बऱ्याच रस्त्यांवर उघड्यावर दारू प्यायला बंदी आहे आणि रात्री १० नंतर शांततेचा नियम आहे. हॉस्टेलच्या खिडकीत बसून गाणी म्हणायची हौस असेल तर ती परतीच्या बसमध्येही भागवू नका.

हिशेब कसा ठेवायचा? निम्मी भांडणं यातून होतात. सगळं समान वाटून घेऊ असं ठरवलं, की दारू न पिणारी मुलगी दुसऱ्यांच्या बिअरचे पैसे भरते आणि तोंडाने काही म्हणत नाही. पूर्ण टीटीएमएम केलं, तर प्रत्येक रोहलिकला मोबाइल काढावा लागतो. मी मधला मार्ग काढते. निघताना माणशी ३० युरोंची कॉन्ट्री एकाच्या कार्डावर. त्यातून ट्रामची तिकिटं, सुपरमार्केट, शौचालयाची नाणी, चौघांत मिळून खाल्लेलं. बाहेरचं जेवण, बिअर, तिकिटं, मॅग्नेट, हे ज्याचं त्याचं. कॉन्ट्री संपली की सगळ्यांना कळतं, आणि उरली तर परतीच्या वाटेवर कॉफी.

तर आकडा. ड्रेस्डेनमार्गे प्रवास ३५, दोन रात्री करासह ५५, ट्राम ८, खाणं खिचडी धरून ३५, संग्रहालय १५ ते २०, किरकोळ ५. बेरीज १५३ ते १५८. म्हणून ‘ओढूनताणून’ म्हटलं. १५० धरून चला, पण खात्यात १७५ असू द्या. बस चुकणं, पाऊस, तुटलेला चष्मा यांना बजेट कळत नाही. नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत हेच सगळं १२५-१३० मध्ये होतं, थंडीत कुडकुडायची तयारी असेल तर. डिसेंबरात नाताळ बाजारांच्या दिवसांत मात्र याच खाटेचे दुप्पट पैसे द्यावे लागतात, तेव्हा विषयच सोडा.

उरले बूट. जुने, पायाला बसलेले, जाड तळव्याचे. प्रागचे रस्ते दगडी चिऱ्यांचे आहेत आणि शनिवारी तुम्ही वीसेक हजार पावलं चालणार. नवे कोरे बूट घालून आलेल्या मुलीला मी दुपारी दोन वाजता अनवाणी पुलाच्या कठड्याला टेकलेली पाहिलंय. चाकांची बॅग तर आणूच नका, त्या चिऱ्यांवर ती पुढच्या गल्लीपर्यंत ऐकू येते. आणि बूट तिथे गेल्यावर फाटलेच, तर वेंसेस्लास चौकात बाटाचं काचेचं बहुमजली दुकान आहे, १९२० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेलं. बाटा मूळचं चेकच, झ्लीन गावचं. शाळेच्या पहिल्या दिवशी काळे बूट घ्यायला वडिलांचं बोट धरून आपण जिथे गेलो, ते दुकान आपल्याच देशाचं असं मला वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत वाटत होतं. दारात उभी राहून मी आईला व्हिडिओ कॉल लावला होता. ती म्हणाली, “ते असू दे, तिथे स्वस्त मिळतात का बघ.” नाही मिळत.